कारखाना असलेलं चित्र ‘निसर्गचित्र’ कसं?

चित्रकार कामीय पिसारोचं १८७३ सालचं एक तैलचित्र आहे, पॅरिसच्या वायव्येला पोंत्वाझजवळ वाहणाऱ्या वाझ नदीचं. अलीकडे पाणी, पलीकडे कारखाना, त्याच्या उंच चिमणीतून निघालेला धूर. त्यावर टिपण लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. ‘निसर्गचित्र’ लिहिलं की कारखाना उपरा वाटतो, आणि चित्रात तर तो मुळीच उपरा नाही. दुसरं, चिमणी बरं की धुराडं?

— फ्रेंचमध्ये याला ‘पेझाज’ म्हणतात. त्याच्या पोटात ‘पेई’ आहे, म्हणजे मुलूख. मुलखात शेत येतं, रस्ता येतो, कारखानाही येतो. आपल्या शब्दात ‘निसर्ग’ बसल्यामुळे माणसाने बांधलेलं सगळं दाराबाहेर राहतं. मी ‘भूदृश्य’ लिहीन.

— भूदृश्य भूगोलाच्या पुस्तकातलं वाटतं हो. चित्रकलेच्या तासाला बाई ‘देखावा काढा’ म्हणायच्या: दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी. त्यात घर आहे म्हणून कुणी अडवलं नाही. सरळ ‘नदीकाठचा देखावा’ लिहा. नुसतं ‘देखावा’ म्हटलं तर गणपतीचा मंडप आठवेल खरा, पण ‘नदीकाठचा’ जोडलं की तो अर्थ गळून पडतो.

— धुराडं म्हटलं की मला चुलीवरच्या छपरातली धूर जायची वाट दिसते. कोशात ते कारखान्यालाही चालतं, पण लालबाग-परळात गिरणीची ती चिमणीच. तुम्ही चिमणीच ठेवा. मला जास्त काळजी क्रियापदाची आहे. सवयीने हाताला ‘धूर ओकणारी चिमणी’ येतं. ‘ओकणे’ म्हटलं की निकाल लागला, कारखाना दोषी. पिसारोने तसं रंगवलेलं नाही. धूर कुठे संपला आणि ढग कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. ‘विरतो’सुद्धा नको, विरलेलं नाहीसं होतं. हा धूर ढगांत मिसळतो.

— ‘मिसळतो’ पटलं. आणखी एक. ज्या चित्रावरून पिसारोच्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चळवळीला १८७४ मध्ये नाव पडलं, ते चित्रकार मोनेचं, फ्रान्समधल्या ल आव्हरच्या बंदरातलं सूर्योदयाचं चित्र. त्यातही धुक्याआड डोलकाठ्या आणि धूर सोडणाऱ्या चिमण्या आहेत. म्हणून ‘दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्र’ हा जोडशब्द मला फार दिवस खुपतोय.

— सर्वांचे आभार. ओळ अशी केली: ‘वाझच्या काठचा हा देखावा. पलीकडे कारखान्याची चिमणी, आणि तिचा धूर ढगांत मिसळलेला.’ ‘निसर्ग’ शब्द काढूनच टाकला.