मदत हवी आहे: हेड न उतरवता व्हॉल्व्ह सील बदलणे

गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक भपकारा येतो, मिनिटभरात बंद. घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलेटर दिला की तेच. चढावर मात्र धूर नाही. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल जातं. दोन नंबरच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काळा, तेलकट निघाला.

कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला 160 पीएसआयच्या आसपास आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकूनही आकडा फारसा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक असाव्यात आणि संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली झिरपू न देणारं रबर). पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) साफ करून झाला. मेकॅनिक थेट हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवा म्हणतो, पण गॅस्केट आणि फेसिंगचा (हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेण्याचा) खर्च टाळायचाय.

एअर कॉम्प्रेसर नाही, त्यामुळे प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी भरून, पिस्टन हाताने वर आणून व्हॉल्व्ह टेकवून धरायचा विचार आहे, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर तो आत पडणार नाही. स्प्रिंग दाबायचं लिव्हर, टॉर्क रेंच, स्प्रिंग व्हॉल्व्हवर अडकवून ठेवणारे बारीक लॉक उचलायला चुंबक आहे. (एक लॉक ऑइलच्या वाटेने खाली गेलं तर संपलंच, भोकांत फडकी कोंबणार आहे.)

रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) काढताना टायमिंग बेल्ट सोडावाच लागतो का? आणि दोरीवर व्हॉल्व्ह वाकल्याचा अनुभव कोणाला आहे का?