ग्रीन कार्डच्या फॉर्मात अजून कम्युनिस्ट पार्टीचा प्रश्न का विचारतात?

परळ_ते_एडिसन
बाबांच्या ग्रीन कार्डचा फॉर्म भरतोय. त्यात सरळ विचारलंय की तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे मेंबर होता का, किंवा त्यांच्याशी काही संबंध होता का. बाबा सत्तरच्या दशकात परळला गिरणीत होते, पक्षाचं कार्ड होतं त्यांच्याकडे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आमच्या चाळीत अर्धे लोक लाल बावट्याचे. पुढे गिरणी बंद पडली आणि तेही सुटलं. आता बाबा विचारतायत, "मी मोर्चाला जायचो, संपात धान्य वाटायचो, ह्याची अमेरिकेला कसली भीती?" मला उत्तर देता येईना. सोव्हिएत युनियन मोडून ३० वर्षं उलटून गेली. वकील बघतोच आहोत, पण हा प्रश्न आला कुठून आणि एवढा टिकला कसा, कुणी नीट सांगेल का?

जुनी_पानं
दादा, त्यासाठी १९४९-५० हे एक वर्ष बघायला लागतं. ऑगस्ट १९४९ मधे रशियाने पहिला अणुबॉम्ब फोडला, सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी ते जाहीर केलं. तोपर्यंत अमेरिकन माणूस धरून चालला होता की बॉम्ब फक्त आपल्याकडे आहे आणि रशियाला अजून बरीच वर्षं लागतील. लगेच ऑक्टोबरात चीन माओकडे गेला. फेब्रुवारी १९५० मधे क्लाउस फुक्स पकडला गेला, हा लॉस अलामॉसला बॉम्बवर काम केलेला शास्त्रज्ञ, आणि त्याने रशियाला माहिती दिल्याचं कबूल केलं. त्याच महिन्यात मॅकार्थी नावाचा सिनेटर व्हीलिंग गावात उभा राहून म्हणाला की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे. जूनमधे कोरियाचं युद्ध. म्हणजे बॉम्बची भीती आणि शेजाऱ्याचा संशय हे दोन वेगळे विषय उरलेच नाहीत, बॉम्ब आपल्यावर पडला तर तो आपल्यातल्याच कुणीतरी दिलेला असेल असं लोकांना खरंच वाटायला लागलं.

तुमचा प्रश्न तिथलाच. सप्टेंबर १९५० च्या कायद्याने कम्युनिस्ट पक्षाच्या परदेशी मेंबरांना दार बंद केलं, ट्रुमननी व्हेटो केला तरी काँग्रेसने तो उलथवून पास केला. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचंही तेच झालं. ट्रुमनना मात्र मी फार क्रेडिट देणार नाही, सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी १९४७ मधे त्यांनीच सुरू केली होती.

आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्याच १९५२ च्या कायद्यात भारताचा कोटा वर्षाला १०० माणसं एवढाच ठेवला होता. १९६५ मधे कोटा पद्धत गेली म्हणून आपली मंडळी इथे येऊ शकली. पक्षाचा प्रश्न मात्र राहिला.

क्ष_किरण
सगळा दोष भीतीला देऊ नका. हेर खरे होते. फुक्स खरा होता, रशियासाठी हेरगिरी करणारा ज्युलियस रोझेनबर्ग खरा होता, अमेरिकन लष्कराने सोव्हिएत हेरांच्या सांकेतिक तारा (टेलिग्राम) फोडल्या होत्या त्या १९९५ मधे जाहीर झाल्या, त्यात हे स्पष्ट दिसतं. स्टालिनच्या हातात बॉम्ब म्हटल्यावर कुठलाही देश घाबरला असता.

जुनी_पानं
हेर होते हे मान्यच, पण सापडले कोण आणि भरडले कोण ते बघा ना. थिओडोर हॉल, लॉस अलामॉसचाच, त्याने रशियाला माहिती दिली होती, त्याचं नाव त्या तारांमधे होतं, पण तारा फोडल्याचं कोर्टात सांगता येत नव्हतं म्हणून त्याच्यावर कधी खटलाच झाला नाही. ज्युलियसची बायको एथेल रोझेनबर्गविरुद्ध पुरावा नवऱ्याच्या मानाने खूप कच्चा होता, तरी जून १९५३ मधे दोघांनाही विजेच्या खुर्चीवर बसवून मारलं, दोन लहान मुलं मागे.

आणि च्येन श्वेसन! कॅलटेक ह्या अमेरिकन विद्यापीठातला चिनी रॉकेटवाला, अमेरिकेच्या युद्धकामात मोठा वाटा. १९५० मधे त्याचा क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कामाची परवानगी, काढून घेतला, मग पक्षाचा मेंबर असल्याचा ठपका ठेवून हद्दपारीचा हुकूम काढला, म्हणजे तुमच्या बाबांच्या फॉर्मात आहे तोच मुद्दा. वर गंमत नाही, राग येतो मला ह्याचा, हुकूम काढूनही पाच वर्षं त्याला देश सोडू दिला नाही आणि १९५५ मधे चीनला पाठवला. तिथे त्याने चीनचा मिसाइल प्रोग्रॅम उभा केला. ज्या भीतीपोटी त्याला हाकलला ती भीती ह्या लोकांनी स्वतःच्या हाताने खरी केली.

दुधाचे_दात
मी सेंट लुईसला राहते, इथली बाजू सांगते कारण संशयाबद्दल सगळे बोलतात आणि घरातल्या आयांच्या भीतीबद्दल कुणी बोलत नाही. त्या काळात शाळांमधे बॉम्बचं ड्रिल व्हायचं, पोरांनी बाकाखाली घुसून डोकं झाकायचं. न्यूयॉर्कमधे शाळेच्या मुलांना गळ्यात घालायला नावाचे धातूचे बिल्ले वाटले होते. ते बिल्ले कशासाठी असतात हे आईला कळल्याशिवाय राहील का?

आणि बॉम्ब रशियाचाच पडायला हवा होता असंही नाही. नेवाडात १९५१ पासून अमेरिका स्वतःच उघड्यावर टेस्ट करत होती, त्यातलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० वाऱ्या-पावसाने गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, दुधातून मुलांच्या हाडांत. मग इथल्या शास्त्रज्ञांनी आणि बायकांनी १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला घेतले, दात पाठवला की मुलाला बिल्ला मिळायचा, हा बिल्ला मात्र मिरवायचा. लाखोंनी दात आले, आणि टेस्ट वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसलं.

आता संशय कुठे येतो बघा. टेस्ट थांबवा म्हणणाराच कम्युनिस्ट ठरायचा. लायनस पॉलिंग ह्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना १९५२ मधे पासपोर्ट नाकारला. पुढे त्यांनी टेस्टविरुद्ध हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या घेतल्या तर १९६० मधे सिनेटच्या कमिटीने बोलावून विचारलं, सह्या गोळा करायला कोणी कोणी मदत केली त्यांची नावं द्या. त्यांनी दिली नाहीत. १९६३ मधे उघड्यावरच्या टेस्ट बंद करायचा करार झाला, त्यामागे ह्या लोकांचा रेटा होता. दुधाची काळजी करणाऱ्या बाईलाही तेव्हा विचार करून बोलावं लागायचं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

क्ष_किरण
दातांचं माहीत नव्हतं, थँक्स ताई. हेरांबद्दलचं माझं मत तेच आहे, पण च्येनच्या बाबतीत बोलायला जागा नाही.
दादा, एक प्रॅक्टिकल: फॉर्मात खोटं "नाही" लिहू नका. जुनं, कधीच सोडलेलं सदस्यत्व असेल तर कायद्यात सवलत आहे. खोटं लिहिलेलं पकडलं गेलं तर ते फार जड जातं.

परळ_ते_एडिसन
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, पॉलिंगनी नावं दिली नाहीत ते दोनदा वाचायला लावलं. "हो" असंच लिहिणार आहोत, बाबांचा तोच आग्रह आहे. आता अडचण ही की पक्ष कधी सोडला ह्याचा कागद नाही, कार्ड रिन्यू केलं नाही एवढंच. अशा वेळी मुंबईच्या पक्ष ऑफिसातून पत्र मिळतं का, की बाबांचं अ‍ॅफिडेव्हिट चालतं? कुणी हे केलं असेल तर सांगा.