रुकी ड्राफ्टमध्ये १.०५ वर कोण हाती लागेल? अंदाज बांधण्यासाठी सल्ला हवा आहे

ओलेंटँजीकाठी
१० मे २०२५

अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी खेळातली आमची बारा संघांची डायनॅस्टी लीग यंदा सहाव्या वर्षात आहे. कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत असताना आम्ही काही मराठी मुलांनी ती सुरू केली आणि पुढे प्रत्येकाच्या नोकरीच्या गावचे मित्र येऊन मिळत गेले. आज बारांपैकी सात जण ओहायो स्टेटचे आहेत, एक मिशिगन विद्यापीठाचा आहे आणि उरलेल्या चौघांचा कोणत्याही कॉलेजच्या संघावर विशेष जीव नाही. ही मोजदाद मुद्दाम दिली आहे, कारण माझा प्रश्न बराचसा तिच्याभोवतीच फिरतो.

ज्यांना फक्त आयपीएलच्या फँटसी खेळाची सवय आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिथे एकच खेळाडू लाखो लोकांच्या संघात असू शकतो. डायनॅस्टीत मात्र तो लीगमधल्या एकाच संघाच्या मालकीचा असतो आणि आपण त्याला ट्रेड करेपर्यंत किंवा सोडून देईपर्यंत वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतो. त्यामुळे एनएफएलमध्ये (अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये) नव्याने दाखल होणाऱ्या रुकींचा दरवर्षीचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने होणारी निवड, हाच दुबळा संघ सावरण्याचा मुख्य मार्ग ठरतो.

आमची लीग सुपरफ्लेक्स आहे, म्हणजे दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे) खेळवता येतात. प्रत्येक झेलाला एक गुण मिळतो आणि टाइट एंडच्या (अडवणूक आणि झेल दोन्ही करणाऱ्याच्या) झेलाला दीड. माझ्याकडे १.०५ आणि १.१० असे पहिल्या फेरीतले दोन पिक आहेत, म्हणजे पाचवी आणि दहावी निवड. क्वार्टरबॅकमध्ये जेलन हर्ट्स आणि जिनो स्मिथ आहेत, परंतु रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) जागी सांगण्यासारखे कोणी नाही. १.०१ ज्यांच्याकडे आहे ते ॲश्टन जेंटीला घेणार, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले आहे. १.०२ वाल्यांकडे धड एकही क्वार्टरबॅक नसल्यामुळे ते कॅम वॉर्डला सोडणार नाहीत. १.०३ आणि १.०४ हे दोन्ही ओहायो स्टेटच्या मित्रांकडे आहेत, आणि त्यांतल्या १.०३ वाल्याने माझा १.०५ आणि २०२६ चा दुसऱ्या फेरीचा पिक यांच्या बदल्यात आपला पिक देऊ केला आहे. मला ओमारियन हॅम्प्टन हवा आहे. हा सौदा करावा, की तो १.०५ पर्यंत उरेल असा भरवसा ठेवून थांबावे? शिवाय १.१० वर दोन मोठ्या टाइट एंडांपैकी एखादा मिळण्याची आशा कितपत धरावी?

एक कबुली देऊन ठेवतो. एनएफएलचा ड्राफ्ट होण्याआधीच, मार्चमध्ये, मी पहिल्या फेरीचा संपूर्ण अंदाज लिहून काढला होता आणि त्यात १.०४ वर क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स होता. तो प्रत्यक्षात पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर गेला, आणि तोही क्लीव्हलँडकडे, जिथे त्याच्या आधी ९४ व्या क्रमांकावर डिलन गेब्रिएल या दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन झाले होते. बाजारात तुरी म्हणतात तसा तो प्रकार झाला.


जुना_भिडू
१० मे २०२५

आपण विचारलेला प्रश्न खेळाडूंविषयी दिसत असला तरी वस्तुतः तो आपल्या चार मित्रांविषयी आहे. कोणता रुकी पुढे चमकेल हे सांगणे एनएफएलच्या पूर्णवेळ निवड समित्यांनाही जमत नाही. पण ज्यांच्याशी आपण सहा वर्षे व्यवहार करत आला आहात ते काय करतील, हे सांगणे तुलनेने सोपे आहे.

प्रथम खेळाडूंचे गट पाडा आणि गटाच्या आतल्या क्रमाची चिंता सोडून द्या. माझ्या हिशेबाने आपल्या नियमांत यंदाचा पहिला गट पाच जणांचा आहे: जेंटी, वॉर्ड, हॅम्प्टन, टेटाइरोआ मॅकमिलन आणि ट्रॅव्हिस हंटर. आपला पिक पाचवा असल्यामुळे यांपैकी किमान एक जण आपल्याला मिळणारच. त्यासाठी कोणताही अंदाज लागत नाही, केवळ मोजता यावे लागते. आपल्या आधीच्या चौघांपैकी कोणी या गटाबाहेरचा खेळाडू घेतला, तर तेवढी आपली निवड वाढते. यंदा ओहायो स्टेटचे एमेका एग्बुका (एनएफएल ड्राफ्टमध्ये १९ वा क्रमांक, टँपा), क्विनशॉन जडकिन्स (३६ वा, क्लीव्हलँड) आणि ट्रेव्हियन हेंडरसन (३८ वा, न्यू इंग्लंड) असे तिघे या ड्राफ्टमध्ये आहेत, आणि जानेवारीतच या संघाने नोत्र दामला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले आहे. १.०३ आणि १.०४ हे दोन्ही त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांच्या हाती असताना गटाबाहेरचे एकही नाव पुकारले जाणार नाही, असे मला वाटत नाही. म्हणून वर सरकण्यासाठी पुढच्या वर्षीचा पिक देऊ नये.

दुसरी गोष्ट हॅम्प्टनविषयी. तो २२ व्या क्रमांकावर चार्जर्सकडे गेला आणि तिथले प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्या संघात धावण्यावर भर असतो, म्हणून पुष्कळ लोक त्याला जेंटीच्या लगोलग मांडत आहेत. मलाही तो आवडतो, पण केवळ संघ चांगला म्हणून नव्हे, हे स्पष्ट करतो. २०२० साली क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला नुकत्याच सुपर बोल जिंकलेल्या कॅन्सस सिटीने ३२ व्या क्रमांकावर घेतले. पहिल्या फेरीत गेलेला तो एकमेव रनिंग बॅक होता आणि त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स याच्या शेजारी उभा राहणार म्हणून असंख्य लीगांत तो १.०१ ठरला. जोनाथन टेलर ४१ व्या क्रमांकावर इंडियानापोलिसला गेला, जिथे मार्लन मॅकने आदल्या वर्षी हजाराहून अधिक यार्ड काढले होते, म्हणून लोकांनी नाके मुरडली. पुढच्याच वर्षी टेलरने १,८११ यार्डांसह सगळ्या एनएफएलमध्ये पहिला क्रमांक मिळवला. मॅक निघून गेला, टेलर राहिला. डायनॅस्टीत खेळाडू आठ वर्षे आपल्याकडे राहू शकतो, तेव्हा पहिल्या मोसमाच्या सुरुवातीला त्याच्या पुढे रांगेत कोण उभे आहे, याला किती महत्त्व द्यायचे याचा विचार करावा. याच कारणाने टँपाचे रिसीव्हर (झेल घेणारे) माइक एव्हान्स आणि क्रिस गॉडविन यांच्या मागे जाऊन बसलेल्या एग्बुकाला मी खाली ढकलणार नाही.


टारहीलवाली
११ मे २०२५

मी हॅम्प्टनच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावापासून, चॅपल हिलपासून, जवळ राहते आणि त्याचे घरचे बहुतेक सामने मैदानात बसून पाहिले आहेत, तेव्हा माझे मत तटस्थ नाही हे आधीच सांगते. गेल्या मोसमात त्याने १,६६० यार्ड आणि १५ टचडाउन काढले, त्याच्या आदल्या मोसमातही दीड हजार ओलांडले होते, आणि पहिल्या धडकेनंतरही त्याचे पाय चालू राहतात, ही गोष्ट दूरचित्रवाणीवर तितकीशी जाणवत नाही.

तरीही जुना_भिडू यांच्या एका गृहीतकाविषयी मला शंका आहे. आपल्या कॉलेजवरचे प्रेम लोक बोलून दाखवतात तितके पिकवर उधळतात का? आमच्या लीगमध्ये ड्यूक या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या एका गृहस्थांनी वेळ येताच निमूटपणे ड्यूकचा खेळाडू घेतला होता. त्यामुळे आठवणींवर विसंबू नका. स्लीपर या फँटसी ॲपवर मागच्या सर्व वर्षांचे ड्राफ्ट जसेच्या तसे जपलेले असतात. ते उघडून प्रत्येकाने काय केले हे लिहून काढा आणि त्या वेळी बाजारात त्या खेळाडूचा क्रम काय होता त्याच्याशी ताडून पाहा.

माझी चूक सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. दोन वर्षांपूर्वी मी दोन जागा वर सरकण्यासाठी एक चांगला रिसीव्हर देऊन टाकला, आणि नंतर कळले की मधल्या दोघांनाही माझा खेळाडू नको होता. मी त्यांना विचारले नव्हते, त्यांचे जुने ड्राफ्टही पाहिले नव्हते. फक्त भीतीपोटी पैसे मोजले.


ओलेंटँजीकाठी
१३ मे २०२५

टारहीलवाली यांच्या सांगण्यावरून रविवारची दुपार जुने ड्राफ्ट चाळण्यात घालवली. जे दिसले ते माझ्या समजुतीपेक्षा थोडे वेगळे आहे.

२०२३ मध्ये आमच्यातल्या एकाने ब्राइस यंगच्या आधी सी. जे. स्ट्राउडला घेतले होते आणि २०२४ मध्ये मार्विन हॅरिसन ज्युनियर १.०२ वर गेला. या दोन्ही गोष्टी मी इतके दिवस कॉलेजप्रेमाचा पुरावा म्हणून सांगत आलो. परंतु नीट पाहिले तर हॅरिसन कोणत्याही लीगमध्ये तिथेच गेला असता, आणि स्ट्राउडच्या बाबतीतही मतभेदाला पुरेशी जागा होती, म्हणजे यांतून काहीच सिद्ध होत नाही. खरा पुरावा खालच्या फेऱ्यांत सापडला. टाइट एंड केड स्टोव्हर एनएफएलमध्ये चौथ्या फेरीत गेला होता, तरी आमच्याकडे तो दुसऱ्या फेरीच्या मध्यावर गेला. अशी आणखी तीन उदाहरणे निघाली आणि त्यांतली दोन आत्ताच्या १.०३ वाल्याची आहेत. १.०४ वाल्याचे एकही नाही. तो दरवर्षी मुकाट्याने बाजारभावाप्रमाणे वरचे नाव उचलतो.

मिशिगनबाबत मात्र चित्र स्वच्छ आहे. २०२४ मध्ये जे. जे. मॅकार्थी, ब्लेक कोरम आणि रोमन विल्सन असे तिघे होते आणि आम्हा सातांपैकी एकानेही त्यांतला एकही घेतला नाही. मॅकार्थी तर अपेक्षेपेक्षा चार जागा खाली घसरला. मिशिगनशी होणाऱ्या सामन्याच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचे ‘एम’ अक्षरसुद्धा लाल फुलीने झाकतात, आणि गेल्या नोव्हेंबरात आमच्याच मैदानावर १३–१० अशी हार पत्करल्यामुळे जखम ओली आहे. यंदा कोल्स्टन लव्हलँड मिशिगनचा आहे. तेव्हा तो १.१० पर्यंत घरंगळत येईल, असा माझा तर्क आहे. मी स्वतः त्याला घेईन का, हा प्रश्न मात्र घरात अजून चर्चेत आहे.


जुना_भिडू
१३ मे २०२५

उत्तम काम केलेत. अपवाद वाटणारी निवड हाच खरा पुरावा, हे आपण अगदी योग्य ओळखले.

लव्हलँड घसरला तर जरूर घ्या. एनएफएल ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलेला टाइट एंड, आणि त्याच्या संघाचे प्रशिक्षक बेन जॉन्सन, ज्यांच्या डेट्रॉइटमधल्या आक्रमणात सॅम लापोर्टाने २०२३ मध्ये पहिल्याच मोसमात ८६ झेल घेतले होते. टायलर वॉरनही तितकाच चांगला पर्याय आहे; पेन स्टेटकडून एका मोसमात १०४ झेल घेणे ही साधी गोष्ट नव्हे. गेल्या वर्षी ब्रॉक बावर्सने रुकी म्हणून ११२ झेल घेतल्यापासून लोकांची टाइट एंडांविषयीची जुनी भीती गेली आहे, त्यामुळे आपल्या दीड गुणांच्या नियमात दोघेही सहा ते दहा या पट्ट्यात जातील. काइल पिट्सने २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी हजार यार्ड काढले आणि त्यानंतर त्याच्या मालकांनी वाट पाहण्यात किती वर्षे घालवली, हेही ध्यानात असू द्यावे. पण १.१० वर ही जोखीम परवडते.


मोजूनमापून
१४ मे २०२५

वरचा सगळा विचार पटला, फक्त एक व्यावहारिक गोष्ट राहून गेली आहे. आपला ड्राफ्ट एका बैठकीत होणार आहे की प्रत्येक पिकला काही तास देऊन सावकाश? सावकाश होणार असेल, तर आज कोणताही सौदा करण्याची गरज नाही. १.०३ ची वेळ सुरू होईपर्यंत थांबा. वर जेंटी आणि वॉर्डच गेले असतील, तर परिस्थिती आपण धरून चालला होता तशीच आहे. एखादे अनपेक्षित नाव गेले असेल, तर १.०३ ची किंमत आपोआप उतरते. आज आपण अंदाजासाठी पैसे मोजाल. त्या दिवशी तोच सौदा माहितीच्या आधारावर होईल. समोरच्याला आज नकार देताना मात्र दार बंद करू नका, ‘वेळ आल्यावर बोलू’ एवढेच कळवा.


ओलेंटँजीकाठी
२६ मे २०२५

ड्राफ्टची पहिली फेरी काल रात्री शेवटच्या पिकपर्यंत आली. सर्वांनी इतक्या आस्थेने वेळ दिला, म्हणून निकाल कळवणे माझे कर्तव्य आहे.

१.०१ जेंटी आणि १.०२ वॉर्ड. १.०३ च्या मित्राला मी नकार कळवून ठेवला होता. त्याने वेळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांच्या आत हेंडरसनला घेतले. १.०४ वाल्याने बाजारभावाला जागून हंटर उचलला, आणि १.०५ वर हॅम्प्टन व मॅकमिलन हे दोघेही माझ्यासमोर होते. हॅम्प्टन घेतला. २०२६ चा दुसऱ्या फेरीचा पिक माझ्याकडेच आहे. पुढे १.०६ मॅकमिलन आणि १.०७ एग्बुका.

लव्हलँडच्या बाबतीत मात्र मी सपशेल आपटलो. १.०८ वर आमच्यातल्याच, छातीवर ओहायो स्टेटचे नाव मिरवणाऱ्या एका मित्राने त्याला घेतले. लीगच्या चॅटवर अर्धा तास नुसता गदारोळ चालला. त्यानंतर कळले की त्याने आधीच मिशिगनच्या गृहस्थांशी बोलणी करून ठेवली होती: लव्हलँड त्यांना, आणि त्यांचे १.१२ व २.०४ हे दोन्ही पिक याला. मिशिगनचा खेळाडू आमच्यापैकी कोणी ठेवून घेणार नाही, हा माझा तर्क खरा ठरला, पण त्याचा अर्थ तो घसरेल असा होत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते आणि त्याच्या आले होते.

१.०९ ला जडकिन्स गेला आणि १.१० वर मला वॉरन मिळाला. मोजूनमापून यांना एक विनंती आहे: दुसऱ्या फेरीत माझा २.०५ आहे आणि क्वार्टरबॅक जॅक्सन डार्ट अजून शिल्लक आहे. त्याच्या संघाने, न्यूयॉर्क जायंट्सने, रसेल विल्सन आणि जेमिस विन्स्टन असे दोघे आधीच घेऊन ठेवले आहेत, तरी पहिल्या फेरीतला क्वार्टरबॅक सुपरफ्लेक्समध्ये इतका खाली येतो कसा, हे मला उमगत नाही. त्याच्यासाठी दोन जागा वर सरकावे का? १.१२ आज रात्री नऊला सुरू होईल.


मोजूनमापून
२६ मे २०२५

होय, या वेळी सरकावे. जिनो स्मिथ पस्तिशीत आहे आणि डार्टनंतर आपल्या यादीत त्या तोडीचा एकही क्वार्टरबॅक नाही, म्हणजे गट इथे संपतो. मात्र १.१२ आता त्या १.०८ वाल्या मित्राकडे आहे. तो काय करील याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्याला थेट फोन करावा.