'रिंगबॅक', 'एंगेज', 'रीऑर्डर', 'कॅडेन्स': गेटवेच्या सेटिंगमध्ये काय लिहावं?

शब्दवेडा
व्हॉइस गेटवेची (साधे फोन आणि इंटरनेटवरचे कॉल जोडणाऱ्या यंत्राची) मराठी पुस्तिका करतोय. टोनच्या पानावर रिंगबॅक, बिझी, रीऑर्डर आणि कॅडेन्स असे शब्द आहेत. पहिल्याला 'रिंगटोन' आणि पुढच्या दोघांना 'एंगेज टोन' म्हटलं तर चालेल ना?

तांब्याची तार
'रिंगटोन' अजिबात नको. रिंगबॅक हा फोन लावणाऱ्याच्या कानात वाजणारा आवाज. समोरच्याची घंटी वेगळी. एफएक्सएस पोर्टवर (जिथे आपला साधा फोन जोडतात) ती २०-२५ हर्ट्झच्या एसी व्होल्टेजवर वाजते आणि तिचं सेटिंगही वेगळं असतं. 'रिंगटोन' वाचून माणूस घंटीच बदलत बसेल. शब्द 'रिंगबॅक'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या.

'एंगेज' बोलायला ठीक, पण पुस्तिकेत तो फक्त बिझीला वापरा. बिझी म्हणजे समोरचा फोन चालू आहे. रीऑर्डर किंवा कंजेशन म्हणजे कॉल तिथवर पोचलाच नाही. भारतीय टोनमध्ये दोन्ही ४०० हर्ट्झचेच, फरक फक्त चालू-बंद वेळेचा: बिझी ०.७५ सेकंद चालू, ०.७५ बंद; कंजेशन ०.२५ आणि ०.२५. सिपवर (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) ४८६ म्हणजे 'व्यस्त' हा कोड आला तर गेटवेने पहिला वाजवायचा, ५०३ म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही' आला तर दुसरा. 'एंगेज येतोय' एवढीच तक्रार आली, तर आधी विचारायचं: संथ की भरभर?

चौथा पोर्ट
कॅडेन्सला, म्हणजे टोनच्या चालू-बंद वेळेच्या क्रमाला, मजकुरात 'ठेका' छान वाटतो. खरी गफलत एककात होते. भारतीय रिंगबॅकचा ठेका ०.४ चालू, ०.२ बंद, ०.४ चालू, २ बंद. हे ०.४ एका यंत्रात सेकंदात भरायचं, दुसऱ्यात मिलिसेकंदात म्हणजे ४००, तिसऱ्यात १० मिलिसेकंदांच्या मापात म्हणजे ४०. तिसऱ्यात कोणी ४०० भरलं की चार सेकंदांचा भोंगा वाजतो! एकक प्रत्येक रकान्याशेजारी छापा.

चिन्हांचाही अर्थ द्या. देशांच्या तक्त्यात ४००×२५ म्हणजे गुणाकार नव्हे. ४०० हर्ट्झचा आवाज २५ हर्ट्झने मॉड्युलेट केलेला, म्हणजे त्या गतीने लहान-मोठा होणारा. ४००+४५० म्हणजे दोन्ही एकदम. सिस्को एसपीए यंत्रांच्या सेटिंगच्या ओळीत मात्र तारा (*) म्हणजे 'थांबेपर्यंत वाजव':

४००@-१९;*(.४/.२/१,.४/२/१)

@ च्या पुढे पातळी, डीबीएममध्ये. कंसात चालू वेळ, बंद वेळ आणि कितवी फ्रीक्वेन्सी वाजवायची तो क्रमांक. (यंत्रात अंक अर्थातच इंग्रजी.) यात मॉड्युलेशन नाही, साधा ४०० वाजतो, ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं.

शब्दवेडा
मग 'टोन सेट करा' हे शीर्षक?

तांब्याची तार
तेच मोघम आहे. 'वाजवायचा टोन' आणि 'ओळखायचा टोन' अशी दोन शीर्षकं करा. एफएक्सएस पोर्ट आपल्या फोनला टोन वाजवून दाखवतो. एफएक्सओ पोर्टला (जिथे टेलिफोन लाइन जोडतात) एक्स्चेंजकडून आलेला टोन ओळखावा लागतो. समोरच्याने फोन ठेवल्यावर काही लाइनींवर ना पोलॅरिटी उलटते ना करंट तुटतो, नुसता बिझी वाजत राहतो. तो गेटवेच्या तक्त्याशी जुळला नाही की पोर्ट अडकून बसतो आणि पुढचा कॉल येत नाही. देश निवडून भागत नसेल तर लाइनवरचा टोन रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीत उघडा, स्पेक्ट्रममधून फ्रीक्वेन्सी आणि वेव्हफॉर्मवरून चालू-बंद वेळ मोजा, तेच आकडे भरा. दोन-तीन आवर्तनं जुळल्यावरच लाइन सोडायला सांगा. जुळणीत फरकाची मुभा फार सैल ठेवली तर बोलण्यालाच टोन समजून चालू कॉल तुटतो.

चौथा पोर्ट
रिंगबॅकच्या खाली एक टीप हवीच. समोरून सिपचा नुसता १८० ('घंटी वाजतेय') आला तर गेटवे स्वतःचा रिंगबॅक वाजवतो. १८३ ('कॉल पुढे सरकतोय') एसडीपीसकट, म्हणजे आवाजाच्या जोडणीच्या तपशिलासकट आला तर आवाज पलीकडूनच येतो. तिथे आपल्या तक्त्यात काहीही बदललं तरी ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. आणि १८३ नंतर पलीकडून आवाजच आला नाही, तर कानात शांतता. तेव्हा टोनच्या पानावर वेळ घालवू नका, आरटीपी (आवाज वाहून नेणारे पॅकेट) पोचतंय का ते बघा.