वर्णद्वेषाच्या कवितांचं बेळगावात काय काम?

टिळकवाडीकर: परवा कट्ट्यावर अमेरिकन कवयित्री क्लॉडिया रँकिन यांच्या ‘सिटिझन’ या पुस्तकातले (२०१४) उतारे वाचले गेले. एक मैत्रीण आपल्या काळ्या मैत्रिणीला बोलताबोलता स्वतःच्या काळ्या मोलकरणीच्या नावानं हाक मारते, एवढाच प्रसंग. ना छंद, ना लय. ही कविता की तक्रारवही? आणि अमेरिकेतली भांडणं बेळगावात कशाला?

खानापूरकर ताई: ‘तक्रारवही’ वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माणसाला ठार मारलं तर बातमी होते. चुकीच्या नावानं हाक मारल्याची नोंद कोण ठेवणार? ज्याला ती हाक कधी ऐकावी लागत नाही, त्याला हा प्रसंग ‘एवढाच’ वाटतो. रँकिन ‘मी’ म्हणत नाहीत, ‘तू’ म्हणतात. वाचणाऱ्याला त्या जागी बसवतात. त्याच पुस्तकात आगगाडीत काळ्या माणसाशेजारची जागा रिकामी असते आणि एक बाई तरी उभीच राहते. मला आमची खानापूरची बस आठवली. सिद्दी, म्हणजे आपल्याकडच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातली पोरगी खिडकीशी, शेजारची सीट मोकळी, आणि बायका दांडा धरून उभ्या. त्यांत माझी आत्याही होती.

छंद हवा ना? काळे अमेरिकन कवी काउंटे कलन यांची १९२५ सालची ‘इन्सिडेंट’ ही कविता वाचा. आठ वर्षांचा काळा मुलगा बाल्टिमोरात मे ते डिसेंबर राहतो. एक गोरा पोरगा त्याला शिवी देतो. एवढ्या महिन्यांतलं त्याला तेवढंच आठवतं. यमकासकट आहे.

अनगोळचा: रोजच्या अपमानाचंच बोलायचं तर घरापासून सुरू करा. बेळगाव कर्नाटकाकडे (तेव्हाचं म्हैसूर राज्य) गेलं, त्या १९५६ पासून आम्ही मराठी माणसं सोसतोय. सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. माझ्या वडिलांचा मराठीतला अर्ज एका कचेरीत तोंडावर परत केला. त्या रात्री ते जेवले नाहीत. आमच्यावर कोण कविता करतं?

गोकाकची सून: झालं, आली गाडी सीमाप्रश्नावर! अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला की काम होतं. कातडी कशी बदलून देणार?

अनगोळचा: म्हणजे आमचा अपमान हलका? आमच्याच भाषेत लिहायचं नाही, आणि वर हे तुम्ही सांगणार? तुमचं सासर कन्नड, तुम्हाला काय कळणार!

गोकाकची सून: सासर काढू नका. माहेरी ‘कानडीण झाली’ हे मीही ऐकते.

खानापूरकर ताई: हलका कुणी म्हटला नाही, दादा. पण उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ ला मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना थेट २०२० ला. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी आहे. सीमाभागातली मराठी माणसं मोजताना त्यांना धरता का?

शहापूरवाला: टिळकवाडीकर, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ चा. त्याच वर्षी दलित पँथर ही संघटना, नावच अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेलं. तिकडची भांडणं मराठी कवितेत पन्नास वर्षांपूर्वीच आली आहेत. माझ्या आजीला ओंजळीत वरून पाणी घालणारे अमेरिकन नव्हते.

टिळकवाडीकर: कलन मान्य. ढसाळांबद्दल वाद नव्हताच. ‘सिटिझन’ मात्र मला गद्यच वाटतं. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल या अमेरिकेतल्या समीक्षकांच्या संघटनेनं त्याला कविता आणि समीक्षा, दोन्हींत नामांकन दिलं होतं. त्यांचंही ठरत नव्हतं.

खानापूरकर ताई: पुरस्कार कवितेचाच दिला.

अनगोळचा: सिद्दींना धरा म्हणता, धरतो. पण वडिलांच्या अर्जाचं सोडणार नाही. पुढच्या कट्ट्यावर त्यावर लिहून आणतो, आणि ते पूर्ण ऐकून घ्यायचं.