बलक फेकू नका, बटर मोजा
कोलेस्टेरॉलच्या भीतीने अंड्यातला पिवळा बलक काढून फक्त पांढरं खावं का, असा प्रश्न पडतो. सरसकट नको. ५० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, त्यातली चाळीसेक टक्के बलकात. कोलीन (मेंदू आणि यकृताला लागणारं पोषकद्रव्य), ड जीवनसत्त्व तर जवळजवळ सगळं तिथेच. कोलेस्टेरॉल सुमारे १८५ मिलिग्रॅम असतं, हे खरं. पण रक्तातलं बरंचसं आपलं यकृतच बनवतं, आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल जास्त वाढवते ती संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट). ती अंड्यात जेमतेम दीड ग्रॅम. स्टेशनबाहेरच्या गाडीवर भुर्जीत पडणाऱ्या मोठ्या चमचाभर बटरमध्ये मात्र ७ ग्रॅम, वर पावही बटरमध्येच शेकलेला! घरी दोन अंड्यांच्या भुर्जीला एक छोटा चमचा तेल पुरतं. मधुमेह किंवा घराण्यातच जास्त कोलेस्टेरॉल असेल, तर किती बलक चालतील ते डॉक्टरांना रिपोर्ट दाखवूनच ठरवा.