कर्नाटकच्या सीमाभागातल्या मराठी शाळांना शिक्षक का मिळत नाहीत? अडचण टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) की भरतीची?

खानापूरकर:
आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग आणि कायम शिक्षक दोनच. त्यातले एक मुख्याध्यापक. माध्यान्ह आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या बैठका यातच त्यांचा दिवस जातो. बाकी भार अतिथी, म्हणजे मानधनावरच्या तात्पुरत्या शिक्षकांवर. शाळा सुधारणा समितीत मी आहे म्हणून हे रोज बघतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. डी.एड. किंवा बी.एड. करा, टीईटी पास व्हा, मग भरतीची जाहिरात कधी निघते त्याची वाट बघा, पुन्हा परीक्षा द्या, कागदपत्रं तपासून घ्या, यादी लागली की कौन्सेलिंग, म्हणजे शाळा निवडण्याची फेरी. प्रत्येक पायरीला कारण असेल, पण सगळ्या मिळून वर्षं खातात. 2022 ची सहावी ते आठवीच्या शिक्षकांची भरती आठवा. राज्यभरात 15,000 जागा होत्या. यादी लागली आणि विवाहित महिला उमेदवारांचं जात-उत्पन्न प्रमाणपत्र वडिलांचं धरायचं की नवऱ्याचं, यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. निकाल लागेपर्यंत 2023 संपत आलं. त्या काळात सहावीतलं पोर आठवीत गेलं. त्याचं गणित कुणी घेतलं?

टीईटी पास झालेल्या मराठी माध्यमाच्या उमेदवारांची तालुकावार कायम यादी ठेवा आणि जागा रिकामी झाली की त्यातून भरा, एवढीच मागणी आहे.

निवृत्त गुरुजी, बेळगाव:
तळमळ पटते, पण टीईटीला या रांगेत बसवू नका. 150 पैकी 90 गुण, मागासवर्गीयांना त्यातही सवलत. शिकवणाऱ्याकडून एवढी अपेक्षा जास्त आहे का? शिक्षण हक्क कायद्यानंतर 2010 मध्ये ही अट आली, त्याआधी वशिल्याने लागलेले लोकही मी पाहिलेत. शिवाय 2021 पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, दर सात वर्षांनी परीक्षा देण्याची भानगड संपली. सरकार वेळेवर जाहिरात काढत नाही, दोष तिथे आहे. आणि तालुक्याच्या यादीतून थेट नेमणूक म्हणजे आमदाराच्या चिठ्ठीला दार उघडणं.

अतिथी बाई:
गुरुजी, मी टीईटी पास आहे, तरी अतिथीच. दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने गुणांची यादी. मागच्या वर्षी त्याच शाळेत शिकवलं म्हणून यंदा हक्क मिळत नाही. मानधन वेळेवर येत नाही, आलं की दोन-तीन महिन्यांचं एकदम.

माझ्याकडे नली-कलीचा, म्हणजे कृतीतून हसत-खेळत शिकण्याचा वर्ग आहे. पहिली, दुसरी, तिसरीची लेकरं एका खोलीत, गट करून बसवायची. पहिलीतलं पोर कार्ड हातात घेऊन माझ्या पदराला धरून उभं असतं आणि तिकडे तिसरीचा गट वजाबाकीत अडलेला. ही पद्धत चांगली आहे, पण ती कळायला बाईला एक वर्ष लागतं आणि लेकरांना बाईची सवय व्हायला तितकंच. मार्चला आम्हाला घरी पाठवतात, जूनला दुसरीच कुणी येते. खानापूरकर म्हणतात त्या यादीत अनुभवाला गुण द्या, मग ती यादी कामाची.

निपाणीचा वाचक:
दोघांनाही न पटणारं बोलतो. मुलं आहेत का? आमच्या भागात जो तो इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये मुलाला चढवतो. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. पट वीस-पंचवीसवर आला तर सरकार तिसरा शिक्षक कुठल्या हिशेबाने देणार? भरती उद्या झाली तरी तुमच्या शाळेच्या वाट्याला येईलच असं नाही. आधी पट टिकवा.

खानापूरकर:
पट का घसरतो ते विचारा की हो! एका वर्षात गणिताला तीन माणसं बदलली, तेव्हा दोन घरांनी मुलं काढली. ते पालक मराठीच्या विरोधात नव्हते. जंगलाच्या कडेच्या वाड्यांना तर इंग्रजी शाळेची बसही नाही. तिथली मुलं याच शाळेत येणार, शिक्षक असो वा नसो. आईच्या भाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करा, असं राज्यघटनेच्या 350 अ कलमात आहे. शिक्षकच नसेल तर नुसती इमारत म्हणजे सोय नव्हे.

चिकोडीचा बी.एड.वाला:
माझ्या बॅचचे बरेचजण महाराष्ट्राची टीईटी देऊन तिकडच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी करतात. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांना तिकडे नोकरीसाठी अधिवासाची सवलत आहे. इकडची जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही, वय थांबत नाही. कर्नाटकने महाराष्ट्राची टीईटी ग्राह्य धरली तर निम्मे परत येतील.

निवृत्त गुरुजी, बेळगाव:
ते मला मान्य नाही. इथला अभ्यासक्रम कर्नाटकचा, परिपत्रकं कन्नडमध्ये, शाळेत कन्नड विषय सक्तीचा. इथे शिकवायचं तर इथली परीक्षा द्या.

आणि एक गोष्ट कुणीच काढली नाही. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. सेवा पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट, पण बढती हवी तर त्यांनाही परीक्षा. आपल्या शाळांत जे दोन कायम शिक्षक आहेत, त्यातला एखादा अडकला तर काय? परीक्षेच्या बाजूचा असलो तरी ही मला खरी काळजी वाटते. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसासाठी जिल्हा प्रशिक्षण संस्थेने मराठीतून वर्ग घ्यायला हवेत, आणि आत्ताच.

अतिथी बाई:
वर्ग घ्या, जरूर घ्या. पण ते वर्गाला गेल्यावर शाळा कोण सांभाळणार ते आधी ठरवा. पुन्हा आम्हीच, आणि तेही मार्चपर्यंतच.

खानापूरकर:
गुरुजी, चिठ्ठीची भीती रास्त आहे. म्हणून यादी गुणांसकट कार्यालयाच्या फलकावर लावा, म्हणजे गावाला कळेल कोण कुठल्या नंबरवर. तालुक्यात मराठी माध्यमाच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, अतिथींवर चालणाऱ्या किती, हे मी माहिती अधिकारात विचारतोय. बाकीच्या तालुक्यांतल्या समित्यांनीही हाच अर्ज टाकावा. निपाणीकर, तुम्ही पटाचा आकडा काढा. दोन्ही शेजारी ठेवून मग भांडू.

निपाणीचा वाचक:
काढतो. पण मागच्या दहा वर्षांचा पट काढणार, फक्त यंदाचा नाही. शिक्षक आधी गेले की मुलं आधी गेली, ते त्यातच दिसेल.